पिकलेली ओंबी

२५ नोव्हेंबर, सोमवार

नाही म्हणाले! डॉक्टरांच्या तोंडावर, हसत हसत — जणू कोणी आणखी अर्धा कप चहा विचारला होता.

दोन्ही किडन्या संपत आल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्याआधी हाताला एक छोटं ऑपरेशन. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आबांनी चित्र नीट निरखून पाहिलं. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पिकेल ओंबी वावरमा कोन ठेवस?"

डॉक्टर नाशिककडचे. अहिराणी कळेना. माझ्याकडे बघायला लागले. सांगितलं — आबा विचारतायत, पिकलेली ओंबी शेतात कोण ठेवतं?

"म्हणजे?"

"म्हणजे नाही."

सरकारी योजनेत बसतंय, खर्चाची काळजी नको, असंही ते म्हणाले. आबा उठता उठता म्हणाले, "ती मशीननी खुर्ची एखाद्या तरन्या पोऱ्याले द्या." आणि टोपी घालून बाहेर!

चाळीसेक वर्षं शिंदखेड्याच्या आसपासच्या खेड्यांत सायकलवर फिरून प्रचारकाचं काम केलं त्यांनी. पवित्र शास्त्रातलं काहीही सांगायचं तर शेतावरून सांगणार. पेरणी, निंदणी, मळणी. लोक खिळून ऐकायचे. मीही. आज पहिल्यांदा राग आला त्या शेतीचा.

२६ नोव्हेंबर

आठवीच्या वर्गावर जाऊन सातवीचा धडा शिकवला. सगळी पोरं गुपचूप ऐकत बसली — बदमाश!

२७ नोव्हेंबर, बुधवार

बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थना असते. देवपूरच्या या दोन खोल्यांत माणसं दाटीवाटीने बसतात, चपला जिन्यापर्यंत. आजपासून आबा "शास्त्रातली शेती" सांगणार. भिकन पाळकांनी ठरवलंय. तरुण आहेत, गेल्या वर्षीच आमच्या चर्चला आले. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाले, "ताई, आबा आहेत तोवर ऐकून घेऊ." आहेत तोवर! मी चहात साखर घालायची विसरले.

माझा भाऊ नवल गावाहून आला होता. गव्हाची पेरणी उरकून, खुशीत. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण घरचं शेत तोच बघतो. आई गेल्यापासून आबांनी नांगराला हात लावला नाही. आबा पेरणाऱ्याचा दाखला सांगत होते. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत. मध्येच नवल म्हणाला —

"आबा, हाऊ कोनता शेतकरी? वाटवर बी फेकस, दगडवर फेकस! आपन पाभरमा दाना दाना जपीसन टाकतस."

सगळे हसले. सगळ्यात जास्त आबा. मग म्हणाले, तेच तर सांगायचंय. आपण शेतकरी बियाण्याला कंजूस. देव नाही. वाटेवर उगवणार नाही हे त्याला माहीत आहे, तरी तिथेही मूठभर टाकतो. कोणाला वगळत नाही. पुष्पाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आमच्या चर्चमधल्या सगळ्यात जुन्या त्या. आबांचं ऐकताना नेहमी रडतात.

मी दारात उभी. इतका सढळ हात असेल त्याचा तर माझ्या वाटेवरही टाकेल की थोडं. वर्ष-दोन वर्षं. त्याला काय कमी आहे?

कप गोळा करायला लागले.

१ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये कापणीचा सण. वेदीपुढे बाजरीची कणसं, मक्याच्या माळा, कापसाची बोंडं, एक भला मोठा भोपळा, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेच्या मध्येच एक कोंबडी आरडली तर पाळकांना हसू आवरेना. मग लिलाव. भोपळा नवलनेच आणलेला — आणि बोली वाढवत वाढवत नवलनेच परत घेतला! कोकिळा, त्याची बायको, डोक्याला हात लावून बसली. "घरचाच भोपळा विकत घेतला या माणसाने!" त्यांची छोटी रूथ भोपळ्यावर बसून फोटो काढून घेत होती.

आबा पाचच मिनिटं बोलले. पहिली पेंढी देवाची. ती दिली की बाकीचं पीक आपोआप त्याच्या हाती सोपवलेलं असतं. मग सगळ्यांकडे एकेकाला ओळखल्यासारखं बघितलं. लोकांना वाटलं, आशीर्वाद देतायत.

निरोप घेत होते. मला कळलं. नवललाही — त्याने भोपळा खाली ठेवला होता.

४ डिसेंबर

मीही त्यांचीच मुलगी. शास्त्र मलाही येतं! सकाळी शाळेत जायच्या आधी चहाबरोबर काढलंच.

"आबा, ते अंजिराचं झाड? मालक म्हणतो तोडून टाक. माळी काय म्हणतो? एवढं एक वर्ष राहू द्या. मी आळं खणतो, खत घालतो. मग बघा. — आबा, डायलिसिस म्हणजे खतच समजा ना."

आबांनी बशी खाली ठेवली. इतके खूश झाले! लहानपणी मी पाठांतर न चुकता म्हटलं की व्हायचे तसे.

"पन मेघा, त्या झाडले फळ नव्हतं. म्हनीसन वरीस मांगं. माले तर बठ्ठं ऊनं. तू शे, नवल शे, रूथ शे. आते कसानं वरीस मांगू?"

सगळं फळ आलं, आता वर्ष कशाचं मागू, म्हणे. हरले. त्याच दाखल्यात हरले.

७ डिसेंबर, शनिवार

मागच्या गल्लीतले हाशमभाई रिक्षाने दवाखान्यात नेतात, आणतात. आज रक्त तपासायचं होतं. परत येताना मीच त्यांना डोळ्याने खुणावलं. ते आरशात बघत म्हणाले, "आबा, माझी अम्मी दोन वर्षं झाली मशीनवर. आधी नाहीच म्हणायची. आता काय? दवाखान्यात चार मैत्रिणी झाल्या. एक दिवस मी उशिरा पोचलो तर सगळ्या मिळून मला शिव्या!"

आबा खळखळून हसले. म्हणाले, "तुन्ही माय कच्ची शे आजून. ऱ्हाऊ दे तिले झाडवर." हाशमभाईही हसले. गाडी पांझरेच्या पुलावर आली तेव्हा मला म्हणाले — हळू, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून — "ताई, ऐसे आदमीसे कोई कैसे जीते?"

आकडे वाढलेत.

१८ डिसेंबर, बुधवार

आज सूप. उफणणी. शास्त्रात सूप म्हणजे न्याय — धान्य कोठारात, भूस आगीत. पाळकांनी वचन वाचलं. पुष्पाबाईंचा नातू मोबाइल खिशात घालून ताठ बसला.

आबा म्हणाले, माझं नाव सुपडू का माहीत आहे? पोरांना माहीत नव्हतं. मलाही अर्धवटच. त्यांच्या आईची आधीची सगळी लेकरं गेलेली. हे झाले तेव्हा आजीने सुपात घातलं, उंबऱ्यावरून ओढत बाहेर नेलं — टाकून दिलं असं दाखवायचं, म्हणजे मरणाची नजर जाणार नाही — आणि तसंच परत आत आणलं. म्हणून सुपडू. आमचं घर तेव्हाही ख्रिस्ती. पण आजीने पाळकांना विचारलं नाही!

"लोक म्हनतस, सूप म्हंजे देवना न्याय. भ्याव वाटस त्यासले. पन माले सूपनीच वाचाडं. जो पाखडस त्यानाच हातमा मी पडेल व्हतू."

म्हणजे पहिल्या दिवसापासूनच आपण वरकड जगतोय असं त्यांना वाटतं. म्हणून भीती नाही. समजलं. समजून काय करू?

२५ डिसेंबर

नाताळ. आबांनी दोन करंज्या खाल्ल्या. तेवढंच देवाकडे मागितलं होतं आज.

५ जानेवारी, रविवार

मी गावी गेले होते. गहू गुडघ्याला लागलाय, काळाभोर हिरवा. नवल बांधावर बसून दाखवत होता — इथे पाणी कमी पडतं, तिथे चांगलं. पूर्वेकडचा कोपरा तो दरवर्षी कापत नाही. आबांचा नियम: शास्त्रात सांगितलंय, शेताच्या कडेपर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा. वस्तीवरच्या बाया येऊन नेतात. नवल चर्चला सणासुदीलाच येतो, पण कोपरा मात्र आबांपेक्षाही मोठा सोडतो. कोकिळा त्यावरून बोलते. तो म्हणतो, कोपऱ्याला माप कुठे दिलंय शास्त्रात?

मी म्हटलं, "आबांना तू सांग. माझं ऐकत नाहीत."

"अक्का, तू त्यांच्याशी शास्त्रावरून भांडू नको. तिथे तेच जिंकतील. नुसतं सांग, मला तुम्ही हवे आहात."

"तू सांगितलंस?"

"सांगितलं ना." तो मातीचं ढेकूळ हातात फोडत बसला. "म्हणे, तू शे ना. मेघाले तू शे, बठ्ठासले तू शे. मी निवांत जास."

मग म्हणाला, चहा घेऊ चल, आलं घालून. नवलचा चहा म्हणजे आल्याचा काढाच! घसा जाळत गेला. तरी दोन कप घेतला.

१९ जानेवारी

पायांवर सूज. बोट दाबलं की खड्डा राहतो. जिना चढायला दम लागतो, मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करतात.

आज पाया पडले. खरंच पडले, जमिनीवर डोकं टेकून. नवलने सांगितलं तसंच म्हणाले — आबा, मला तुम्ही हवे आहात. शाळेतून आले की दार उघडायला कोणीतरी हवंय. माझं लग्न झालं नाही, मला दुसरं घर नाही, तुम्ही म्हणजेच घर.

केसांवरून हात फिरवत राहिले. डोळे भरले त्यांचे. वाटलं, आता! आता म्हणतील!

म्हणाले — हंगामात पेंढी जशी खळ्यात येते तसा माणूस पूर्ण वयात मातीत जातो, हे देवाचं वचन आहे. हे भांडण नाही, मेघा. हे बक्षीस आहे.

मला नकोय हे बक्षीस.

२९ जानेवारी, बुधवार

आज शेवटची कापणी. जगाचा शेवट म्हणजे कापणी, कापणारे देवदूत. गहू आणि गव्हासारखंच दिसणारं गवत तोपर्यंत एकत्र वाढू द्या. आधी उपटायला गेलात तर गहूही उपटला जाईल. आबांना दम लागत होता, वाक्य दोन तुकड्यांत येत होतं. तरी सुंदर बोलले. उपटायची घाई माणसाला, थांबायची ताकद देवाला — असं काहीतरी.

मला मात्र दुसरंच सुचत होतं. पूर्ण शास्त्रात कापणी म्हणजे आनंद. गाणी, खळी, भरलेली कोठारं. बरोबरच आहे — सगळं कापणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय. ओंबीला कोणी विचारलं? शेजारच्या ओंबीला? आजवर जी बाजूला उभी होती, एकाच वाऱ्यात हलत होती, तिला?

दारात भिकन पाळकांना हे बोलून टाकलं. ते चपलेचा अंगठा शोधत राहिले. मग म्हणाले, "ताई, आम्हाला शिकवताना हे कोणी विचारलं नव्हतं." निदान खोटं बोलले नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

नवल गेला.

१० फेब्रुवारी

लिहिते. लिहिलं नाही तर खरं वाटत नाही. लिहिलं तरी वाटत नाही.

शनिवारी सकाळी लाइट आली म्हणून मोटर सुरू करायला गेला. गव्हाला पाणी द्यायचं होतं. पाय ओले. स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला होता. कोकिळा न्याहारी घेऊन गेली तेव्हा तो विहिरीजवळ पडलेला. तिला वाटलं, वाकून काही बघतोय.

हाशमभाईंनी कोणाची तरी चारचाकी आणली. आबा पुढच्या सीटवर, टोपी मांडीवर.

काल दफन झालं. वाटेत आमचा गहू लागतो. ओंब्या बाहेर पडल्यात, दाण्यात नुसतं दूध. हिरवागार. त्याच्या बाजूने नेलं त्याला.

माती द्यायची वेळ आली. आबांनी मूठभर माती घेतली. टाकली नाही. धरूनच उभे. सगळे थांबलेले. शेवटी भिकन पाळकांनी जवळ जाऊन त्यांची बोटं एक एक करून उघडली.

अडतिसावं चालू होतं त्याला.

१२ फेब्रुवारी

आबा बोलत नाहीत. पाणी हवं तर हाताने दाखवतात.

१३ फेब्रुवारी

तसंच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मी नको म्हटलं होतं. तरी सगळे आले. प्रेमानेच आले. डबे घेऊन, फुलं घेऊन. आबा नेहमीच्या जागी भिंतीला टेकून. शास्त्र समोर, मिटलेलं.

गाणं झालं. मग पुष्पाबाईंनी माझा हात हातात घेतला. "मेघा, तुला आबांनीच शिकवलंय ना, गव्हाचा दाणा मातीत पडून मरतो तेव्हाच—"

"नवल दाणा नव्हता!"

माझाच आवाज, पण वर्गात पोरांवरसुद्धा असा कधी काढला नाही. "माणूस होता. त्याला चहात आलं जास्त लागायचं. स्वतःचाच भोपळा विकत घ्यायचा. त्याचं पीक नकोय मला. कोणाला हवंय? तुम्हाला हवंय? मला तो हवाय!"

मग पाळक आबांकडे वळले. अगदी हात जोडून. "आबा, तुम्हीच काहीतरी सांगा."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं.

"माले माहीत नई," म्हणाले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडातून शब्द. तीनच.

माणसं निघाली. चपलांचा आवाजही जपून करत होती. पुष्पाबाई सगळ्यांत शेवटी. त्यांनी स्वतःची दोन लेकरं मातीत ठेवलीत. मला माहीत होतं. तरी त्यांच्यावरच ओरडले. दारात त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "बरोबर बोललीस गं," म्हणाल्या. "माझी लेकरं गेली तेव्हा मला ओरडता आलं नाही."

२३ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेलो नाही. आबा गॅलरीत बसून होते. मी तांदूळ निवडत होते शेजारी. एकदम म्हणाले —

"हिरवं कोन कापस, मेघा?"

मी ताट खाली ठेवलं.

शास्त्र डोळ्यांपुढून गेलं सगळं. टोळ खातात, गारा पडतात, करपा येतो, शत्रू येऊन जाळतात. पण शेतधनी स्वतः विळा घेऊन दूध भरलेला गहू कापतोय असं कुठे आहे? मला तरी आठवत नाही. तेच सांगितलं. म्हटलं, "आबा, हे त्याने कापलेलं नाही."

"मंग कोन?"

पेटीत उतरलेला करंट. ओले पाय. दुसरं कोणी नाही. पण त्यांना ते विचारायचं नव्हतं. आणि जे विचारायचं होतं त्याचं उत्तर आजवर तेच सगळ्यांना देत आले होते.

मी तांदूळ निवडायला लागले. तेही एक एक खडा काढून बाजूला ठेवू लागले. त्यांना दिसत नाही नीट; दाणेच काढून टाकत होते. मी ते परत ताटात टाकत गेले.

२ मार्च

पहाटेपासून छातीत दुखत होतं, सांगितलं मात्र सकाळी! हाशमभाईंनी त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरवला. झटका आलाय. ॲडमिट केलंय. हाशमभाईंची अम्मी व्हीलचेअरवरून भेटायला आल्या, डायलिसिसच्या खोलीतून थेट. आबांच्या उशाशी सफरचंद ठेवून गेल्या. दोघे एकमेकांना आधी भेटलेले नाहीत.

५ मार्च

डॉक्टरांनी त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. हृदय फार थोडं काम करतंय. आता मशीनवर घेतलं तर बीपी टिकणार नाही, तिथेच जातील. "मी घेणार नाही. दुसरं कोणीही घेणार नाही. गोळ्यांवर जितकं निघेल तितकं."

"आणि आता ते हो म्हणाले तर?"

"आता त्यांनी हो म्हटलं तरी."

मग — लाज वाटते लिहायला — थोडं हलकं वाटलं. आता त्यांना मनवायचं नाही. हरायचं नाही. दार लागलं.

आबांना सांगितलं नाही. त्यांना नकोच होतं. काय सांगायचं?

८ मार्च

घरी आणलं. पलंग खिडकीजवळ सरकवला. शास्त्र उशाशी ठेवलं होतं. त्यांनी हाताने सरकवून टेबलावर ठेवलं. फेकलं नाही. सरकवलं.

१५ मार्च, शनिवार

गहू कापायला आला. कोकिळाचा फोन — अक्का, एकटीने नाही बघवणार. पुष्पाबाई आबांजवळ बसल्या आणि मी गेले.

हार्वेस्टर आलेलं. मोठं लाल मशीन, पंजाबकडचा चालक, मोठ्याने गाणी लावलेली. कोकिळाने जाऊन गाणी बंद करायला सांगितली. त्याने काही न विचारता केली. धूळ, भुसा, उन्हाची तिरीप. नवलला जे करायला माणसं बोलवावी लागायची, दोनचारदा जेवणं करावी लागायची, ते दुपारच्या आत संपत आलं.

पूर्वेकडच्या कोपऱ्याशी मशीन थांबलं. चालकाने हात केला — हेही? सगळे कोकिळाकडे बघायला लागले. दरवर्षी हीच त्यावरून नवलशी भांडायची.

"ते सोडा," म्हणाली. आणि बांधावर बसली. मग तोंडात पदर धरून इतकी रडली, इतकी — दफनालाही रडली नव्हती तशी. मी नुसती पाठीला हात लावून बसले. वस्तीवरच्या बाया लांब उभ्या होत्या, पुढे यायला धजेनात.

दाणा चांगला भरलाय. जो तो येऊन मूठ भरून बघत होता, म्हणत होता, यंदा गहू छान झाला. कोकिळा प्रत्येकाला "हो" म्हणत होती.

रडत पेरणारे हसत कापतील, असं शास्त्रात आहे. आम्ही हसत पेरला होता.

१८ मार्च, मंगळवार

कोकिळा आणि रूथ आल्यात, थोडे दिवस राहतील. रूथ आबांच्या पायांशी झोपून गेली दुपारी, मांजरासारखी. तिचं अंग जड होत असेल त्यांच्या सुजलेल्या पायांना. हलवू दिलं नाही.

कोकिळा पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "आबा, पुढल्या साली काय लावू? कपाशी का मका? माले काहीच समजत नई. सगळं त्यासलेच माहीत होतं."

आबांनी तिच्याकडे बघितलं. मी चहा गाळत होते, गाळणी तशीच धरून उभी राहिले.

"मका," म्हणाले. मग थांबून — "खालच्या तुकडामा नको. तठे पानी साचस."

आणि मग बोलत राहिले! दम घेत घेत. नाल्याकडचा बांध फुटतो तो मे महिन्यातच भरून घे. विहिरीची पेटी बदल, आधी ती बदल, हात लावू नको कशाला. बियाणं कोणाकडून घ्यायचं. वनाभाऊला ट्रॅक्टरला सांग, तो फसवणार नाही. कोकिळा बोटांवर मोजत होती, मध्येच विचारत होती, ते पुन्हा सांगत होते. एकदाही देव नाही, शास्त्र नाही. नुसतं शेत. गेल्या महिनाभरात मिळून इतकं बोलले नसतील.

चहा निवला. कोणी प्यायला नाही.

२० मार्च

सकाळी चमच्याने चहा पाजत होते. आबांनी माझं मनगट धरलं. हातात जोर राहिलेला नाही, तरी धरलं.

"त्या डॉक्टरले सांग, मी तयार शे. मशीनवर बसस." डोळे सरळ माझ्याकडे. "मेघा, माले जगानं शे."

मी म्हणाले, "हो, आबा. उद्याच जाऊ."